मांडव तोच, जमीन नवी

सदर : घरचा संगणक



मागच्या अंकानंतर एका वाचक भगिनींचा निरोप आला. त्यांच्या घरच्या जुन्या संगणकावर ‘जीकॉम्प्री’ नावाचा मुलांचा प्रोग्रॅम आहे. अक्षरं, आकडे, रंग, कोडी असं बरंच काही त्यात आहे. त्यांचा मुलगा त्यावर अंक शिकला, आणि आता नात त्या वयाची झाली आहे. त्यांनी विचारलं, “तोच प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन नातीच्या टॅबवर टाकला तर का चालत नाही? गाणी जातात, फोटो जातात, मग प्रोग्रॅमचं काय घोडं अडलं?”

थोडक्यात उत्तर असं : गाणं ही वस्तू आहे, ती उचलून नेता येते. प्रोग्रॅम हा संसार आहे. तो ज्या जमिनीवर थाटला असेल त्या जमिनीशी बांधलेला असतो. पेन ड्राइव्हमधून संसार हलत नाही. पण त्या ताईंना एक चांगली बातमीही कळवली : जीकॉम्प्री टॅबवर आधीच पोचला आहे, आणि फुकट मिळतो. तो तिथे कसा पोचला याची गोष्ट मोठी आहे. त्या गोष्टीत आपल्या मंडळांनी घेण्यासारखंही काही आहे, म्हणून आजचं सदर त्यावरच.

प्रोग्रॅमखालचा मांडव

आपल्याकडे गणपतीत मांडव पडतो. त्याच मांडवात सकाळी अथर्वशीर्षाची आवर्तनं, दुपारी महिलांची पाककृती स्पर्धा आणि रात्री मुलांची नाटुकली होते. नाटुकलं बसवणाऱ्याला खुंट किती खोल ठोकलेत, कनात कोणत्या दोरीने बांधली आहे हे माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नसते. त्याला स्टेज, पडदा, दिवे आणि माइक मिळाले की झालं. बाकीचं मांडववाल्याने पाहायचं.

संगणकाच्या दुनियेत या मांडववाल्याला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात. खिडकी उघडणं, बटण दाखवणं, मेनू खाली उलगडणं, फाइल वाचणं, छापणं, इंटरनेटवरून काही आणणं ही कामं जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागतात. प्रत्येकाने ती पहिल्यापासून लिहायची ठरवली तर सगळा जन्म त्यातच जाईल. म्हणून ती एकदाच नीट लिहून ठेवतात आणि हजारो प्रोग्रॅम तीच वापरतात. प्रोग्रॅम लिहिणारा फक्त म्हणतो, “इथे एक बटण दे.” ते बटण विंडोजवर कसं काढायचं, मॅकवर कसं आणि लिनक्सवर कसं, हे फ्रेमवर्कला ठाऊक असतं.

आता समजा, वर्षानुवर्षं मैदानात मांडव घालणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं, “यंदा मांडव चौथ्या मजल्याच्या गच्चीवर घालायचा आहे.” बांबू तेच, कनाती त्याच. पण गच्चीत खुंट ठोकता येत नाही, वारा जास्त, जागा निम्मी, आणि सामान न्यायला अरुंद जिना. संगणकासाठी तयार झालेलं फ्रेमवर्क मोबाइलवर नेणं म्हणजे नेमकं हेच. मांडव गच्चीवर उभा राहिला, की त्यात होणारे सगळे कार्यक्रम तिथे होऊ शकतात. तो उभा राहिला नाही, तर एकही होत नाही.

नॉर्वेतली सुरुवात

या कामाचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘क्यूट’. इंग्रजीत क्यू आणि टी ही दोनच अक्षरं लिहितात, पण उच्चार मात्र ‘क्यूट’ असाच आहे. १९९० साली नॉर्वेतले हावार्ड नोर्ड आणि आयरिक शांबे-एंग हे दोन तरुण सोनोग्राफीच्या चित्रांची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम लिहीत होते. तो युनिक्स, मॅकिन्टॉश आणि विंडोज अशा तिन्ही ठिकाणी चालायला हवा होता. एकच काम तीनदा करायचं म्हणजे कंटाळवाणा उद्योग. त्यापेक्षा तिन्हीकडे चालेल असा एकच पाया तयार करावा, असं त्यांच्या मनात आलं. १९९१ मध्ये लिखाण सुरू झालं, १९९४ मध्ये कंपनी निघाली आणि १९९५ च्या मे महिन्यात क्यूट पहिल्यांदा लोकांसमोर आलं. ही कंपनी पुढे ‘ट्रोलटेक’ नावाने ओळखली गेली.

तुम्ही क्यूटचं नाव ऐकलं नसेल, पण त्याच्या मांडवात नक्की बसला आहात. संगणकावर सिनेमा पाहण्यासाठी व्हीएलसी वापरला असेल, किंवा गूगल अर्थवर आपलं आजोळचं गाव शोधलं असेल, तर त्या खिडक्या आणि बटणं क्यूटची आहेत. लिनक्सवरचा ‘केडीई’ हा सगळा डेस्कटॉपच क्यूटवर उभा आहे.

केडीईची मंडळी स्वयंसेवक होती. एवढं मोठं काम एका कंपनीच्या वस्तूवर उभं करायचं, आणि उद्या ती कंपनी विकली गेली किंवा तिचं मन बदललं तर? हा धोका ओळखून १९९८ साली त्यांनी ट्रोलटेकशी करार केला आणि त्यासाठी एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केलं. कराराचा सारांश असा : कंपनीने ठरलेल्या मुदतीत क्यूटची मुक्त आवृत्ती काढणं बंद केलं, तर क्यूट कोणालाही वापरता येईल अशा अगदी मोकळ्या परवान्याखाली खुलं करण्याचा अधिकार प्रतिष्ठानला राहील. दूरदृष्टी कशाला म्हणतात ते या एका कागदात दिसतं. त्या वेळी हातातल्या फोनवर प्रोग्रॅम चालवण्याची कल्पनाही लोकांच्या मनात फारशी नव्हती.

गच्चीवरच्या अडचणी

आता फोनची जमीन संगणकाच्या जमिनीपेक्षा वेगळी कशी, ते पाहू. क्यूट अँड्रॉइडवर नेताना आलेल्या अडचणी मोजायच्या तर यादी लांबेल, म्हणून मुख्य तेवढ्याच सांगतो.

पहिली अडचण प्रोसेसरची. आपल्या घरच्या बहुतेक संगणकांत इंटेल जातीचा प्रोसेसर असतो, फोनमध्ये ‘आर्म’ जातीचा. दोघांची भाषा वेगळी. पेन ड्राइव्हवरून आणलेला प्रोग्रॅम फोनला का कळत नाही, याचं पहिलं कारण हेच. मूळ लिखाण हाताशी असेल, तर ते नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा तयार करून घेता येतं. मूळ लिखाण हरवलं असेल, तर प्रश्नच मिटला.

दुसरी अडचण दाराची. संगणकावरचा प्रोग्रॅम स्वतःच सुरू होतो, घराचा कर्ता असल्यासारखा. अँड्रॉइडवर अ‍ॅपला आधी फोनच्या व्यवस्थेकडून बोलावणं येतं, आणि ते जावा भाषेच्या दारातून येतं. क्यूट लिहिलेलं आहे सी प्लस प्लस या भाषेत. म्हणून दारात जावाचा एक छोटा द्वारपाल उभा करावा लागला. फोन त्याला हाक मारतो, तो आतल्या क्यूटला जागं करतो, आणि मूळ प्रोग्रॅम आत वेगळ्या धाग्यात चालू राहतो. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

तिसरी अडचण आयुष्याची. संगणकावर प्रोग्रॅम उघडला की आपण बंद करेपर्यंत तो जगतो. फोनवर तसं नाही. तुम्ही अ‍ॅपमध्ये काही लिहीत आहात, मध्येच आत्याचा फोन आला, तुम्ही अर्धा तास बोललात. तेवढ्यात फोनला मेमरी कमी पडली, तर मागे पडलेलं अ‍ॅप तो न विचारता संपवून टाकतो. संगणकाच्या सवयीचा प्रोग्रॅम ‘सेव्ह करू का?’ असं विचारण्याची वाट पाहत बसतो. फोनवर विचारायला सवड मिळेलच असं नाही. जे काही आहे ते बाजूला होतानाच जपून ठेवावं लागतं.

चौथी अडचण बोटांची. माउसचा बाण सुईच्या टोकाएवढा, आपलं बोट मात्र भेंडीएवढं. गूगलची शिफारस अशी की बोटाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर तरी असावी. संगणकावरच्या मेनूच्या ओळी इतक्या जवळजवळ असतात की बोट एका वेळी दोन ओळींवर पडतं. माउसचा बाण नुसता वर नेला की माहिती दिसते, ती सोय बोटाला नाही. उजवं बटण तर नाहीच. शिवाय लिहायला लागलं की कीबोर्ड वर येतो आणि अर्धी स्क्रीन खाऊन टाकतो.

पाचवी अडचण कपाटाची. संगणकावरचा प्रोग्रॅम घरातली बहुतेक कपाटं उघडू शकतो. फोनवर प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची कुलूपबंद खोली मिळते. दुसऱ्या खोलीतलं काही हवं असेल तर परवानगी मागावी लागते. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण ‘अमुक फोल्डरमधली तमुक फाइल’ असं गृहीत धरून लिहिलेलं सगळं पुन्हा पाहावं लागतं.

आणि सहावी अडचण ओझ्याची. एवढं मोठं फ्रेमवर्क प्रत्येक अ‍ॅपने सोबत वाहायचं, तर छोटंसं अ‍ॅपही वजनदार होतं. त्या काळच्या फोनमध्ये जागा कमी आणि इंटरनेट महाग. म्हणून सुरुवातीला एक युक्ती निघाली : ‘मिनिस्ट्रो’ नावाचं एक वेगळं अ‍ॅप क्यूटचा सारा सरंजाम एकदाच उतरवून घेई आणि बाकीची अ‍ॅप तो वाटून वापरत. वाड्यातल्या सामाईक आडासारखं. पुढे फोनमधली जागा वाढली आणि ही युक्ती मागे पडली.

मालक बदलले, काम थांबलं नाही

लहान उपकरणांचा क्यूटला अनुभव नव्हता असं नाही. २००० च्या सुमारास ट्रोलटेकने छोट्या यंत्रांसाठी वेगळी आवृत्ती काढली होती. शार्प कंपनीच्या ‘झाउरस’ या हातात मावणाऱ्या उपकरणात ती चालत असे. पण खरी उलथापालथ झाली २००८ साली. नोकियाने ट्रोलटेक कंपनीच विकत घेतली.

तो नोकियाचा काळ आपल्याला आठवतो. घराघरांत नोकियाचाच फोन आणि सगळ्यांची तीच रिंगटोन. त्यातल्या मोठ्या फोनांमध्ये ‘सिंबियन’ ही व्यवस्था असे. नोकियाचा विचार साधा होता : एकदा लिहिलेला प्रोग्रॅम संगणकावरही चालावा आणि आपल्या फोनांवरही. २००९ च्या मार्चमध्ये क्यूटचा परवाना आणखी मोकळा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये क्यूट सिंबियनवर पोचलं. पुढच्या वर्षी ‘क्यूट क्विक’ आलं. बोटांच्या स्क्रीनसाठी, सरकत्या आणि हलत्या चित्रांसाठी ही नवी पद्धत तयार केली होती.

दरम्यान क्यूटच्या इंजिनिअरांनी आणखी एक काम हाती घेतलं. त्याचं टोपणनाव होतं ‘लाइटहाउस’, म्हणजे दीपगृह. तोवर विंडोजसाठी लागणारं लिखाण, लिनक्ससाठी लागणारं लिखाण असं सगळं क्यूटच्या आत ठिकठिकाणी मिसळलेलं होतं. या प्रकल्पात जमिनीशी संबंधित सगळी कामं वेगळी काढून एका कप्प्यात ठेवली गेली. आपल्या मांडववाल्याच्या भाषेत : वरचा मांडव एक, आणि खाली बसवायचे पाय वेगळे. माती असेल तर खुंट, गच्ची असेल तर वाळूने भरलेली पिंपं. नवी जमीन आली तर फक्त नवे पाय बनवायचे, मांडव उसवायची गरज नाही.

आणि मग ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने जाहीर केलं की यापुढे तिचे मोठे फोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालतील. त्या फोनांत क्यूटला जागा नव्हती. तीन वर्षांची मेहनत एका घोषणेत बाजूला पडली. त्याच वर्षी नोकियाने क्यूटवर उभा असलेला ‘एन नाइन’ हा फोन काढला. तो पाहणाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं, पण कंपनीने पुढची वाट आधीच ठरवून टाकली होती. क्यूटचा व्यावसायिक परवान्यांचा भाग २०११ मध्ये आणि उरलेलं सगळं २०१२ मध्ये फिनलंडच्या ‘डिजिया’ कंपनीकडे गेलं.

या सगळ्या धामधुमीत अँड्रॉइडवर क्यूट कोण नेत होतं? नोकिया नव्हे. नोकिया आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या फोनसाठी कशाला खपेल? ते काम बोगदान वात्रा नावाच्या रुमानियातल्या एका प्रोग्रॅमरने अंगावर घेतलं. त्याने लाइटहाउसचा तो वेगळा काढलेला कप्पा घेतला आणि अँड्रॉइडसाठी नवे पाय बनवले. प्रकल्पाचं नाव होतं ‘नेसेसितास’, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘गरज’. वर सांगितलेला जावाचा द्वारपाल आणि मिनिस्ट्रोचा सामाईक आड ही त्याच प्रकल्पातली कामं. हळूहळू इतर स्वयंसेवक जोडले गेले, केडीईने प्रकल्पाला आसरा दिला, आणि २०१२ च्या अखेरीस हे काम मूळ क्यूटमध्ये सामील झालं. २०१३ च्या जुलैमध्ये अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी क्यूटची चाचणी आवृत्ती आली आणि डिसेंबरमध्ये पूर्ण आवृत्ती.

इथे जरा थांबून विचार करा. हे काम होऊ शकलं याची दोन कारणं. एक म्हणजे, मूळ लिखाण सर्वांना खुलं होतं. वात्राला कोणाची परवानगी मागायची नव्हती. दुसरं, मांडव आणि जमीन यांची फारकत कोणीतरी आधीच करून ठेवली होती. यातलं एक कारण नसतं, तरी क्यूट सिंबियनबरोबरच इतिहासजमा होण्याचा धोका होता. मालक बदलत गेले, पण वस्तू टिकली.

मांडव पोचला, आता कार्यक्रमाचं बोला

मांडव गच्चीवर उभा राहिला म्हणजे मैदानावरचा कार्यक्रम जसाच्या तसा तिथे शोभेलच असं नाही. इथे प्रत्येकाने आपापली वाट निवडली.

व्हीएलसीने काय केलं? सिनेमा उलगडून दाखवणारं आतलं इंजिन तेच ठेवलं, पण अँड्रॉइडवर समोरचा भाग क्यूट न वापरता, तिथल्याच पद्धतीने नवा लिहिला. फोनवरच्या व्हीएलसीत संगणकाचा चेहरा दिसत नाही, पण आतला आत्मा तोच आहे.

‘क्रिता’ या चित्रकलेच्या प्रोग्रॅमने उलट वाट धरली. २०२० साली तो अँड्रॉइडवर आला, पण फक्त टॅब आणि क्रोमबुकसाठी, आणि संगणकावर दिसतो जवळजवळ तसाच. चित्रकाराला सगळी अवजारं हाताशी लागतात, ती छोट्या फोनवर मावणार नाहीत, आणि फोनसाठी त्यांनी तो तेव्हा काढला नाही. यातही शहाणपण आहे.

आणि जीकॉम्प्री? त्याची गोष्ट सगळ्यांत कष्टाची. २००० साली फ्रान्समधल्या ब्रुनो कुदुआँ यांनी तो सुरू केला. नावाचा उच्चार ‘मला समजलं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांसारखा होतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभराहून अधिक खेळ झाले होते, पण तो क्यूटवर नव्हता, दुसऱ्या एका फ्रेमवर्कवर होता, आणि त्या फ्रेमवर्कला फोन-टॅबची वाट नव्हती. मुलं तर टॅबकडे वळत होती. मग २०१४ मध्ये या मंडळींनी मोठा निर्णय घेतला : सगळं पुन्हा लिहायचं, क्यूट क्विकमध्ये. एकेक खेळ घेऊन, बोटाने खेळता येईल असा नव्याने मांडायचा. हे काम वर्षानुवर्षं चाललं, आणि बहुतांशी स्वयंसेवकांनी केलं. म्हणून आज चार वर्षांचं मूल टॅबवर जे बदक ओढतं, त्यामागे नॉर्वेचे दोघे, रुमानियाचा एक, फ्रान्सचा एक आणि नावं न कळलेले कितीतरी जण आहेत.

आपली अक्षरं कशी पोचली?

वाचकहो, आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. मराठी अक्षरं पडद्यावर काढणं इंग्रजीपेक्षा अवघड असतं. ‘कि’ लिहिताना फोन आधी ‘क’ साठवतो, मग ऱ्हस्व इकार, पण दाखवताना इकाराची वेलांटी ‘क’च्या आधी यावी लागते. जोडाक्षरांत अक्षरं एकमेकांत मिसळतात. ही जुळणी करणारा वेगळा कारागीर लागतो. तो नसेल तर मात्रा, वेलांट्या आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी पडतात. जुन्या फोनवर आलेले मराठी निरोप तसे दिसत, ते आठवत असेल.

मराठीची म्हणून आणखी एक खोच आहे. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदीला या दुसऱ्या ‘ऱ्य’ची गरज पडत नाही, मराठीला पडते. म्हणजे फ्रेमवर्क नव्या जमिनीवर नेणाऱ्याने हा डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा ‘र’सुद्धा सोबत न्यायचा असतो.

सुदैवाने अक्षरजुळणीचा हा कारागीरही मुक्त आहे. त्याचं नाव ‘हार्फबझ’. क्यूट आपल्या सामानातच तो बाळगतं. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि खुद्द अँड्रॉइडही त्याचाच उपयोग करतात. एका ठिकाणी त्यात मराठीची चूक दुरुस्त झाली, की ती सुधारणा या सगळ्यांपर्यंत पोचू शकते. आपल्यासारख्या भाषेसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. प्रत्येक कंपनीच्या दारात जाऊन ‘आमचा ऱ्य नीट दाखवा हो’ अशी विनवणी करावी लागत नाही.

मंडळाच्या कपाटातला प्रश्न

हे सगळं सांगण्यामागे माझा एक हेतू आहे. बडोदे असो, इंदूर असो, बेळगाव असो, आपल्या बहुतेक जुन्या मंडळांत कार्यालयाच्या कोपऱ्यात एक संगणक असतो. त्यावर कोणा हौशी सभासदाने वीस वर्षांपूर्वी बसवलेला प्रोग्रॅम असतो. आजीव सभासदांची यादी त्यात, देणगीदारांच्या नोंदी त्यात. स्मरणिकांच्या फाइलीही तिथेच, युनिकोडपूर्वीच्या एखाद्या फाँटमध्ये जुळवलेल्या. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाँट आहे तोवर मराठी दिसतं. फाँट गेला की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक रांगोळीकाला. फोनवर ती फाइल उघडून पाहा, लगेच कळेल.

त्या प्रोग्रॅमला कोणी वात्रा भेटणार नाही. त्याचं मूळ लिखाण कुठे आहे ते कोणाला ठाऊक नसतं, आणि लिहिणारे गृहस्थ कधीच परगावी गेलेले असतात. तो प्रोग्रॅम फोनवर नेणं आपल्या हातात नाही. पण त्याच्या आतला ऐवज बाहेर काढणं आपल्या हातात आहे, संगणक चालू आहे तोवरच.

म्हणून प्रत्येक मंडळाने, आणि खरं तर प्रत्येक घराने, आपल्या प्रोग्रॅमला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : यात भरलेलं बाहेर काढता येतं का? सभासद यादी साध्या तक्त्याच्या रूपात, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येईल अशी निघते का? निघत असेल तर आजच काढून दोन ठिकाणी ठेवावी.

दुसरा : यातलं मराठी युनिकोडमध्ये आहे का? ओळखायची सोपी खूण अशी : दोन ओळी कॉपी करून कोणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तिकडे मराठीच पोचलं तर युनिकोड. नाही तर जुना फाँट. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण बदललेला मजकूर माणसाने डोळ्यांखालून घालावाच लागतो. विशेषतः जोडाक्षरं आणि आपला तो ‘ऱ्य’.

तिसरा : उद्या हा बनवणारा नसला तर? नवा प्रोग्रॅम घेताना फुकट की विकतचा, दिसायला कसा, एवढंच पाहू नका. लिखाण खुलं आहे का, एकापेक्षा जास्त माणसं ते सांभाळतात का, आणि विंडोज, लिनक्स, फोन यांपैकी किती जमिनींवर तो उभा राहतो, हेही विचारा. केडीईच्या मुलांनी १९९८ मध्ये जो प्रश्न विचारला तोच हा प्रश्न.

काम अवघड नाही, किचकट आहे. दोन कॉलेजची मुलं टंकायला आणि दोन ज्येष्ठ वाचून तपासायला, असे चौघं चार-पाच रविवार बसले, तर मध्यम मंडळाच्या नोंदींचं बरंचसं काम उरकेल. ज्येष्ठ हवेतच, कारण १९६० सालच्या यादीतलं आडनाव ‘कर्वे’ की ‘कर्पे’ हे मुलांना कळणार नाही. चहाची जबाबदारी कार्यकारिणीने घ्यावी!

आपले पूर्वज सरदारांबरोबर, नोकरीबरोबर, व्यापाराबरोबर इतक्या लांब आले. येताना वाडे आणता आले नाहीत, पण देव्हारा आणि वह्या बरोबर आणल्या. त्या वह्यांवरूनच आज आपण आपली कुळं सांगतो. पुढची पिढी त्या वह्या फोनवर वाचेल. त्या तिथे उघडतील अशा करून ठेवणं एवढं तरी आपलं काम.

तुमच्या मंडळात असं काम सुरू झालं असेल, किंवा सुरू करताना कुठे अडलं असेल, तर जरूर कळवा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, ते पायरीपायरीने पुढच्या अंकात पाहू. तोवर नमस्कार!